दुसरा घाम



टेबलावर पोलादाचा एक कापलेला तुकडा होता. तळहाताएवढा, घासून आरशासारखा केलेला. त्याच्या ऐन पोटात केसाहून बारीक अशी काळी रेघ होती. ती रेघ कोणी ओढली हा प्रश्न खोलीत येऊन बसला होता आणि तो आधी कोणी उच्चारायचा, यावर तिघांचे मौन अडले होते. पत्र्याच्या कचेरीबाहेर कासारीच्या खाडीला ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलाचा खारट, जुनाट वास खिडकीतून आत येत होता.

"अप्पा, चहा घ्या," साइटप्रमुख शृंगारपुरे अखेर म्हणाले. "गार होतोय."

"होऊ द्या की." सिद्रामप्पा हत्तुरे खुर्चीच्या कडेवर बसले होते. टोपी गुडघ्यावर, आणि सोलापूरहून दोन गाड्या बदलून आल्याचा शीण डोळ्यांत. त्यांनी तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. "हा जोड कुणी मारला ओ?"

"मारला दर्शना पाष्टेनं. हात तुमचा होता."

हे वाक्य वीस वर्षांपूर्वी कोणी उच्चारले असते, तर ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आता त्यात कोणालाच वावगे वाटले नाही. तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या नीरजा वाघधरेला तर मुळीच नाही. सिद्रामप्पांचा हात देशभर पोहोचवण्याचे काम तिनेच केले होते.

दोन पोलादी नळ वितळवून एकजीव करायचे, तर ते कसे करायचे याची एक लेखी प्रक्रिया असते. विजेचा प्रवाह किती, रॉड कोणता, हाताचा वेग किती, नळ आधी किती तापवायचा. ती खरी आहे हे कागदावर सिद्ध होत नाही. नमुन्याचा जोड मारून तो ओढून तोडावा लागतो, वाकवून पाहावा लागतो, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. पूर्वी प्रत्येक कंत्राटदाराला हे सारे स्वतःच्या छपराखाली, स्वतःच्या माणसांकडून करून घ्यावे लागे. शेजारच्याने सिद्ध केलेली प्रक्रिया चालत नसे. प्रक्रिया कागदावर राहते, जोड हातात राहतो, आणि हात काही उसना मिळत नाही, अशी त्यामागची समजूत होती.

मग हात उसना मिळू लागला.

निष्णात वेल्डरच्या मुठीची सूक्ष्म थरथर, वितळलेल्या धातूच्या डबक्याकडे पाहताना त्याची नजर कुठे टेकते ते, ठिणगीचा आवाज, नळाच्या पृष्ठभागाचे तापमान, हे सारे क्षणाक्षणाने टिपून त्याचा एक 'हस्तपाठ' बांधता येऊ लागला. तो पाठ एका बाहीत उतरवायचा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत चढणारी ही बाही. तिच्या पोटात केसाएवढे तंतू. ते आकसतात, सैलावतात, आणि घालणाऱ्याचा हात दुसऱ्याच्या हातासारखा चालू लागतो. प्रक्रियांना मान्यता देणाऱ्या मंडळाने नियम बदलला. एका कंत्राटदाराने सिद्ध केलेली प्रक्रिया हस्तपाठासह दुसऱ्याला देता येईल. घेणाऱ्याने फक्त एक स्वीकारपत्र भरायचे, 'ही प्रक्रिया मी माझी म्हणून स्वीकारत आहे.' जिथे वर्ष लागे तिथे एक सकाळ पुरू लागली. नीरजाने तिच्या कंपनीसाठी बांधलेला सिद्रामप्पांचा पाठ एक्केचाळीस कंत्राटदारांनी असा आपला म्हणून स्वीकारला होता.

खाडीकाठाने जाणाऱ्या या हायड्रोजनवाहिनीचा कंत्राटदार त्यांपैकी एक. पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना एकशेऐंशी जोडांपैकी दोन पाझरले. टेबलावरचा तुकडा त्यांतल्याच एकाचा.

"शुक्रवारी बारापर्यंत मंडळाला निष्कर्ष द्यायचाय," शृंगारपुरे म्हणाले. "फॉर्ममध्ये रकाने दोनच आहेत. दोष हाताचा, नाहीतर दोष पाठाचा. हाताचा लिहिला तर पाष्टेचं लायसन जातं. वाईट वाटतं, पण एकच जातं. पाठाचा लिहिला तर एक्केचाळीस ठिकाणी काम थांबतं आणि सहा वर्षांत मारलेला एकूण एक जोड पुन्हा तपासायला निघतो. अर्धे जोड जमिनीखाली आहेत. वर लोकांनी भात लावलाय." त्यांनी नीरजाकडे पाहिले. "लिहिणार तुम्ही. मी आपला भूगोल सांगितला."

"माझ्या पाठात खोट असंल तर लिवा की," सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले. "पण आधी मला त्या बाईचं काम बघू द्या."

दुपारी तिघे चरापाशी गेले. चर खाडीला समांतर, नजर पोहोचेल तिथवर गेलेला. त्यात ओंडक्यांवर टेकवलेला काळा नळ. हवा इतकी दमट की श्वास घेण्याऐवजी ती प्यावी लागत होती.

दर्शना पाष्टे चराच्या तळाशी उभी होती. तिशीतली, काटक, पदर खोचावा तशी बाहीची पट्टी खोचत असलेली. सिद्रामप्पांना पाहून तिने आधी नमस्कार केला आणि मग त्यांच्या उजव्या मनगटाकडे टक लावून पाहिले.

"हाच का तो?" ती म्हणाली.

"कोण?"

"हात. अप्पा, तुमच्या मनगटाला काय झालं होतं?"

"गाडीवरनं पडलो होतो. तवापासनं जरा उडतंय शेवटी."

"तेच ते! जोडाच्या शेवटी बाही माझा हात असा वर उडवते." तिने हवेत करून दाखवले. "आता घरी भाकरी थापताना पण उडतो. सासू विचारते, अगो, कुणाचं वळण लागलं हे तुला? काय सांगू तिला? सोलापूरच्या एका बाप्याचं?"

सिद्रामप्पा मनापासून हसले. "माझी बायको पन्नास वर्षं त्याच हाताला नावं ठेवतीय. त्यांना सांगा, सासूबाई, एकट्या तुम्हीच न्हाई."

नीरजाही हसली. हा झटका गाळून टाकण्याचा प्रयत्न तिने त्या वेळी केला होता. पण झटका काढला की जोड वाकवण्याच्या चाचणीत फाटे. ठेवला की टिके. शेवटी देशभरातल्या नऊशे वेल्डरांच्या मनगटांत सिद्रामप्पांचे ते जुने पडणे पेरले गेले. ज्ञानाचा आणि जखमेचा सांधा कुठून सुरू होतो, हे यंत्राला सांगता आले नव्हते. तिलाही आले नव्हते.

दर्शनाने मुखवटा ओढला. नळाभोवतीच्या तापपट्ट्याने तीन मिनिटांत पृष्ठभाग एकशेदहा अंशांवर नेला. बाहीवरचा दिवा हिरवा झाला, आणि तिचा हात चालू लागला. नीरजाला ते दृश्य पाठ होते, तरी प्रत्येक वेळी तिच्या अंगावर काटा येई. चराच्या तळाशी एक तरुण बाई उभी होती आणि एक म्हातारा माणूस तिच्या हातातून लिहीत होता. डबके चंद्रकोरीसारखे पुढे सरके, मागे गोठत जाई.

जोडाचा पहिला थर संपला. सिद्रामप्पांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले होते.

"हे माझंच हाय," ते म्हणाले. "पण मधनंच सुरू झालं."

"म्हणजे?" शृंगारपुऱ्यांनी विचारले.

"म्हंजे सुरवात कुठाय? मी असा आल्या आल्या रॉड टेकवतो होय? हे म्हंजे पाव्हणा दारात, आन् पत्रावळ्या उचलायला घेतल्या." ते चराच्या काठावर उकिडवे बसले. "ताई, तुम्हाला पाइपावर घाम दिसला न्हाई का?"

दर्शनाने मुखवटा वर केला.  मग म्हणाली, "दिसला. रोज दिसतो. पण बाही थांबू देते कुठं? दिवा हिरवा झाला की ओढतेच. हात रोखून धरला तर वर नोंद जाते, वेल्डर अडथळा आणतोय म्हणून. दोनदा ताकीद मिळाली मला. तिसऱ्यांदा नाय रोखला."

 सुरुवात कुठे गेली, ते नीरजाला ठाऊक होते.

सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल. सोलापूरजवळची कार्यशाळा, पत्रा तडतडेल असे ऊन. सिद्रामप्पांच्या अंगावर टिपणयंत्रांचे जाळे चढवलेले. त्यांनी रॉड उचलण्याआधी गॅसची बत्ती हातात घेतली होती. नळाच्या तोंडावरून ती फिरवली, बाजूला केली, नुसते बसून राहिले. हाताची पालथी बाजू नळाजवळ धरली. परत बत्ती फिरवली, परत बसले. मग आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, पेटला. आर्कच्या आधीची ती अकरा मिनिटे. मंडळाचा आराखडा आर्कपासून सुरू होई. त्याआधीचा तीन मिनिटांहून लांब निष्क्रिय काळ असलेली फाइल तो स्वीकारतच नसे. नीरजाने तिसऱ्यांदा परत आलेली फाइल उघडली, सुरुवातीची अकरा मिनिटे निवडली आणि कापली. नियमाने विचारलेले एका शब्दाचे कारण तिने लिहिले. आर्क पेटतानाचे तापमान तेवढे ठेवले: एकशेदहा अंश. आकडा खरा होता. त्या आकड्यापर्यंत माणूस कसा पोहोचला, ते गेले होते.

"अप्पा, घामाचं काय ते सांगा," ती म्हणाली. 

"घाम दोन असतेत." सिद्रामप्पांनी जमिनीवर बोटाने एक गोल काढला. "गार पाइपाला बत्ती लावली की लगीच पाणी सुटतंय. ते पाइपाचं न्हाई, बत्तीचं. जाळातनंच येतंय. ते उडालं की नवशिका खूश, झालं म्हणतंय. पण पाइप आतनं गारच असतो. बत्ती काढायची आन् बसायचं. ऊब आत उतरू द्यायची. मग आतलं बाहेर येतंय, गंजाच्या बुडातलं, कडेच्या फटीतलं. बारीक असतंय, मिशीवर येतंय तसं. तो दुसरा घाम. तो पाइपाचा. तो उडाल्याबिगर मी बापजन्मी रॉड टेकवला न्हाई."

"पण सोलापूरला एप्रिलमध्ये कसला आलाय दुसरा घाम?" शृंगारपुरे म्हणाले.

"नव्हताच की त्या दिवशी. तरी बसलो. सवय हाय." त्यांनी खाडीकडे पाहिले. "हितं तर पाइप न्हाऊन आल्यावानी दिसालाय."

नीरजाला पुढचे कोणी सांगायची गरज नव्हती. पाण्याचा एवढासा ओलावा आर्कच्या उष्णतेत फुटतो आणि हायड्रोजन सुटा होतो. साऱ्या अणूंमध्ये तो सर्वांत लहान. वितळलेल्या पोलादात तो सहज विरघळतो आणि पोलाद गोठले की आत कोंडला जातो. पण तो स्वस्थ बसत नाही. पोलादाच्या कणांमधून वाट काढत तो जिथे ताण सर्वाधिक, तिथे गोळा होत राहतो. एक दिवस जातो, दोन जातात. जोडाची तपासणी पहिल्याच दिवशी उरकलेली असते आणि तीत काही सापडलेले नसते. तिसऱ्या दिवशी, नळाला कोणाचा स्पर्शही झालेला नसताना, पोलाद आतल्या आत उकलते. ना आवाज, ना धूर. आणि या नळातून पुढची चाळीस वर्षे हायड्रोजनच वाहणार होता. भेगेला तिचेच अन्न मिळत राहणार होते.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी दोन नमुने जोडले. दोन्ही दर्शनाने मारले. पहिला बाहीसह, हिरव्या दिव्याबरोबर. दुसऱ्याच्या वेळी सिद्रामप्पा शेजारी बसले, बत्ती तिच्या हातात दिली आणि अकरा मिनिटांत जेमतेम चार वाक्ये बोलले. "लांब धरा." "आता बसा." "हात जवळ न्या, लावू नका." आणि शेवटी, "आला बघा." दर्शनाने वाकून पाहिले. नळाच्या कडेला धुक्यासारखा बारीक ओलावा धरला होता. तो उडून जाईपर्यंत दोघे बसले. मगच तिने बाही चढवली.

आता बहात्तर तास काहीच करायचे नव्हते. पोलादात जे व्हायचे ते माणसाने पाहत बसायचे नसते. ते होऊन गेल्यावर कळते.

बुधवारी नीरजा आणि सिद्रामप्पा जुन्या धक्क्यावर बसले होते. समोर पाण्यात खांबांच्या सावल्या मोडत होत्या, पुन्हा जुळत होत्या. ती कामाला लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिने मारलेला पहिला वाकडातिकडा जोड सिद्रामप्पांनी तिला भेट म्हणून परत दिला होता. 'ठेवा,' ते म्हणाले होते, 'पुढं साहेब झालाव की कामाला येईल.'

"आता काम करावंसं वाटतं का अप्पा?"

"हात आता काम करालाय की. मला कोण बोलवतंय?" तक्रारीचा सूर नव्हता. "हात दिल्याबद्दल मंडळाची सनद आली न्हवं, फ्रेम करून भिंतीला लावलीय. पोरगी म्हणती, बाबा, तुम्ही एकाच टायमाला एक्केचाळीस जागी हाव. मी म्हटलं, देवाला बी जमंना एवढं. तवा हसलो. पण एकदा बघायची इच्छा होती. पोरगं परगावी देतो, कसं नांदालंय बघावं वाटतंय की न्हाई?" थोड्या वेळाने ते म्हणाले, "बघितलं."

त्या क्षणी सांगायला हवे होते. शब्द जिभेवर आले, आणि लाट धक्क्याला लागून मागे फिरावी तसे ते मागे फिरले. नीरजा चहा सांगायला उठली.

गुरुवारी शृंगारपुऱ्यांनी तिला कचेरीत बोलावून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर एक मसुदा तयार होता.

"बघा मॅडम. 'दमट हवामानासाठी पुरवणी सूचना: आर्कपूर्वी दोन टप्प्यांत तापवणे आवश्यक.' इथून पुढे सगळे नीट जोड मारतील. मंडळ खूश. पाष्टेचं लायसन शाबूत. दोन जोड आम्ही बदलून टाकतो, संकीर्ण म्हणून. ना हात, ना पाठ. तिसरा रकाना म्हणा हवं तर."

"आणि आधी मारलेले?"

"ते चाचणीत टिकलेत."

"आज टिकलेत."

"मॅडम, मी एक विचारतो, राग मानू नका. मी स्वीकारपत्रावर सही केली तेव्हा एक पट्टीसुद्धा मोडून बघितली नाही. का? खाली तुमची सही होती. तुमच्या कंपनीनं का बघितलं नाही? वर मंडळाचा शिक्का होता. इतक्या सह्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत. तळाचीच ओढायची म्हणता?"

तळाची सही तिची होती. ती गेली, तर तिचा परवाना जाईल, आणि बारा वर्षांत कमावलेले नाव एका दुपारी पुसले जाईल. मसुदा मऊ होता, समजूतदार होता. तो बरोबर घेऊन ती बाहेर पडली तेव्हा सही करण्याचे तिने जवळजवळ ठरवलेच होते.

दर्शना तिची वाट पाहत उभी होती. हातात खिशात मावेल अशी वही.

"हे कुणाला दाखवलं नाय मॅडम. ताकीद मिळाली तेव्हापासून लिहिते. जोडाचा नंबर, आणि घाम दिसला त्याच्यापुढं 'घ'." तिने पाने उलटली. "तेवीस आहेत. पाझरले ते दोन ह्यातलेच. बाकीचे एकवीस मी रोज मोजते. बावन्न नंबर शाळेच्या कुंपणाला लागून आहे."

नीरजाने वही हातात घेतली. बारीक, सरळ अक्षर. ओळीने आकडे आणि मधूनमधून तो एकच 'घ', जणू कोणीतरी पुन्हा पुन्हा बोलायला तोंड उघडले आणि पहिल्या अक्षरावर मिटले. उरलेल्या चाळीस ठिकाणी कोणी अशी वही ठेवली असेल, असे तिला वाटेना. तिथे एकवीस आहेत की दोनशे, ते फक्त पोलादाला ठाऊक होते.

"मॅडम, माझं लायसन जाणार काय?"

"नाही," नीरजा म्हणाली. मसुदा तिने घडी करून पर्समध्ये सरकवला. त्यावर सही मात्र झाली नाही.

शुक्रवारी नऊ वाजता दोन्ही नमुने कापले, घासले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बाहीच्या नमुन्यात, मुळाच्या, म्हणजे पहिल्या, थराजवळ, तीच काळी रेघ. दुसरा नितळ; पहाटेच्या आभाळासारखा एकसंध करडा.

नीरजा फॉर्मसमोर बसली. दोन रकाने. तिने 'पाठ' या रकान्यात लिहायला घेतले: पाठ देणाऱ्याचा हात निर्दोष आहे. पाठ घेणारीचा हात निर्दोष आहे. पाठातील आरंभीची अकरा मिनिटे मी, नीरजा वाघधरे, हिने कापली. दमट जागी मारलेला प्रत्येक जोड संशयित मानावा. वहीतल्या तेवीस क्रमांकांची यादी तिने खाली जोडली. बाराला वीस मिनिटे असताना अहवाल गेला.

शृंगारपुऱ्यांच्या टेबलावरचा फोन पाचच मिनिटांत वाजू लागला. त्यांनी तो उचलला नाही.

"तुम्ही एकट्या बुडाल्या असतात तर मी हार घातला असता," ते म्हणाले. "एक्केचाळीस जणांना घेऊन बुडलात." मग, कपाळ चोळत: "बावन्न नंबरपासून उकरायला घेतो. शाळेला सुटी द्यायला सांगावं लागेल."

सिद्रामप्पा चराच्या वरच्या अंगाला, रचून ठेवलेल्या नळांच्या सावलीत बसले होते. पिशवी बांधून तयार होती. नीरजा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"अप्पा, ती अकरा मिनिटं मी कापली होती."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"सोमवारपासनं. ताईंनी मुखवटा काढला तवा मी पाइप बघत न्हवतो, तुमचं तोंड बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताव का बघालो होतो." त्यांनी टोपी झटकली. "चार दिस लागले. लागू देत. बोललाव की."

खाडीवरून वारा आला आणि नळांच्या तोंडांतून एक लांब, पोकळ सूर निघाला. नीरजाला वाटले, आता काही उरले नाही. सांगायचे ते सांगून झाले.

"एक विचारू?" सिद्रामप्पा म्हणाले. "कापायचं तर कारण लिवावं लागत असंल की कागदावर."

"हो. एक शब्द."

"काय लिवलाव?"

खोटे बोलायला आता कारण नव्हते, आणि खरे बोलायला इतके जड तिला कधीच गेले नव्हते.

"अप्रस्तुत."

"आमच्या घरात कानडी बोलतेत. हा शब्द कळंना. म्हंजे काय?"

शब्दाचे सौम्य अर्थ पुष्कळ होते. तिने त्यांतला एकही घेतला नाही.

"म्हणजे, ज्याचं इथं काही काम नाही, ते."

सिद्रामप्पांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला, नव्या रॉडचे वजन हातात जोखावे तसा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळाले असते.

"अप्पा, मंडळ जुना पाठ काढून टाकेल," ती घाईघाईने म्हणाली. "नवा बांधावा लागेल. मी नसेन, दुसरं कोणी असेल. पण मी लिहून दिलंय, पहिल्यापासून घ्या, काही कापू नका, नुसतं बसलेलं असलं तरी. तुमच्याशिवाय हे कोणाला येत नाही. अप्पा, परत एकदा हात द्याल का?"

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पिशवी खांद्याला लावली, टोपी नीट बसवली. कचेरीपाशी त्यांना नेण्यासाठी गाडी उभी होती. गाडीकडे त्यांनी पाहिलेही नाही. चराच्या काठाने, दर बारा मीटरवरच्या एकेका जोडावर नजर टाकत, ते चालत राहिले, आणि नीरजा त्यांच्या पाठीकडे पाहत बसून राहिली.